चार ओळींचे बिल : एका विषाचा आणि एका यादीचा इतिहास

१/
माझ्यासोबत खोलीत राहणारी मैत्रीण पुण्यात मेडिकल कोडिंगचे काम करते. अमेरिकेतील डॉक्टरांची टिपणे वाचायची आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला संकेतांक द्यायचा, ही तिची रात्रपाळी. प्रशिक्षणाच्या दिवसांत तिच्या वहीत सरावासाठी दिलेले एक उदाहरण होते. त्यात रुग्णाचे नाव नव्हते. फक्त चार ओळी होत्या :

जी ४३.७०९
६४६१५
जे ०५८५ – १५५
जे ०५८५, जेडब्ल्यू – ४५

या चार ओळींचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
या ओळी बोट्युलिनम विषाच्या इंजेक्शनच्या आहेत. त्याचे बाजारातील सर्वपरिचित नाव बोटॉक्स. नाव ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे सुरकुत्या नसलेला एखादा पडद्यावरचा चेहरा येतो. पण वरील बिल सौंदर्याचे नाही, अर्धशिशीचे आहे.

आता गंमत पाहा. भुवयांमधील आठ्या घालवण्यासाठी हे औषध ज्या स्नायूंत टोचतात, त्याच स्नायूंत ते अर्धशिशीसाठीही टोचतात. द्रव्य तेच, सुई तशीच. एकीचे पैसे विमा देतो, दुसरीचे रुग्णाने स्वतः द्यायचे. ही सीमारेषा द्रव्यात नाही, स्नायूतही नाही. मग ती कोणी आखली?

उत्तरासाठी दोन इतिहास वाचावे लागतात : एक विषाचा, दुसरा यादीचा.

३/
प्रथम विष. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण जर्मनीतील व्युर्टेम्बर्गमध्ये बिघडलेले सॉसेज खाऊन माणसे मरत होती. दृष्टी दुहेरी होई, पापण्या लोंबत, गिळता येईनासे होई आणि अखेर श्वास थांबे. युस्टिनस केर्नर या तरुण वैद्याने, जो पुढे कवी म्हणूनही नावाजला, अशा रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या. १८२२ च्या ग्रंथात त्याने १५५ रुग्णांचा अभ्यास मांडला. स्वतः काही थेंब चाखूनही पाहिले.

त्याच ग्रंथात त्याने एक धाडसी तर्क केला. जे विष स्नायूंकडे जाणारा संदेश थांबवते, तेच अत्यल्प मात्रेत दिले, तर जिथे स्नायू अनावर झाले आहेत अशा विकारांत औषध ठरू शकेल. हा तर्क प्रत्यक्षात यायला दीडशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

४/
१८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडपथकाने खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. अनेक वादक आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून आणि मृतांच्या शरीरातून जिवाणू वेगळा केला. सॉसेजसाठीच्या ‘बोट्युलस’ या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले.

दुसऱ्या महायुद्धात या विषाकडे अस्त्र म्हणून पाहिले गेले. अमेरिकी लष्कराच्या मेरिलंडमधील डेट्रिक छावणीत १९४६ पर्यंत ते स्फटिकरूपात शुद्ध करण्यात आले. तिथे काम केलेले एडवर्ड शान्त्स पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि संशोधकांना शुद्ध विष पुरवू लागले.

५/
त्या संशोधकांपैकी एक होते सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट. तिरळेपणावर शस्त्रक्रियेखेरीज उपाय आहे का, याचा ते शोध घेत होते. माकडांवरील प्रयोग त्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले, माणसांवरील १९८० मध्ये. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘ऑक्युलिनम’ या नावाने औषधाला मान्यता दिली. ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी होती. हा दुसरा विकार साधा नव्हे. डोळे निरोगी असूनही पापण्या उघडत नाहीत, म्हणून माणूस व्यवहारात आंधळा होतो.

मान्यतेआधीची एक घटना लक्षात ठेवावी. १९८६ मध्ये स्कॉट यांच्या छोट्या कंपनीला उत्पादनाच्या जोखमीचा विमा मिळेना. पुरवठा थांबला आणि काही महिने अमेरिकी रुग्णांना इंजेक्शनसाठी कॅनडात जावे लागले. औषध होते, वैद्य होता, रुग्ण होता, अडला तो विम्याचा कागद.

६/
आता बिलातील ‘१५५’ हा आकडा. ही मिलिग्रॅम नव्हेत, ही ‘युनिटे’ आहेत. एक युनिट म्हणजे काय? प्रयोगशाळेतील उंदरांच्या पोटाच्या पोकळीत टोचले असता त्यांतील निम्मे उंदीर मरतील एवढी मात्रा. विषाची ताकद वजनाने भरवशाची कळत नाही, म्हणून ती मृत्यूने मोजली गेली. २०११ मध्ये अमेरिकेत बोटॉक्सच्या चाचणीसाठी पेशींवर आधारित पर्यायी पद्धतीला मान्यता मिळाली, तरी युनिटाची मूळ व्याख्या उंदराचीच आहे.

म्हणजे बिलातील तो आकडा हे एका परीने मृत्यूचे माप आहे. सोन्याला तोळा, धान्याला पायली, तसे या विषाला अर्धा मेलेला उंदरांचा गट.

७/
या मापाने बिलापुढे एक प्रश्न उभा केला. ‘डिस्पोर्ट’ नावाचे दुसरे औषध ब्रिटनमधील पोर्टन येथे तयार झाले. डिस्टोनिया आणि पोर्टन यांवरून त्याचे नाव. त्याचे एक युनिट आणि बोटॉक्सचे एक युनिट यांचा परिणाम सारखा नाही. चाचणीची पद्धत बदलली की मापही बदलते.

म्हणून अमेरिकी यादीत या औषधांना एकच संकेतांक देता येत नाही. जे ०५८५ म्हणजे बोटॉक्सचे एक युनिट, जे ०५८६ म्हणजे डिस्पोर्टची पाच युनिटे. २००९ मध्ये प्रशासनाने या औषधांची मूळ नावेही वेगवेगळी केली, जेणेकरून मात्रेची गफलत होऊ नये. एका अंकाची चूक इथे बिलाची चूक राहत नाही, ती मात्रेची चूक होऊ शकते.

८/
विषाचा इतिहास इथे क्षणभर थांबवू आणि यादीकडे वळू.

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जाई. प्रेत पाहून मृत्यूचे कारण ठरवण्याचे काम बहुधा वृद्ध स्त्रिया करीत. कारणांमध्ये ‘दात’ हेही एक कारण असे. जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये या याद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोगांच्या संख्याशास्त्राचा आरंभ तिथून मानतात.

ग्राँटने एक गोष्ट हेरली होती. गरमीच्या रोगाने झालेले मृत्यू यादीत फारच थोडे दिसत. त्याचे कारण त्याने दिले : थोडी दारू आणि थोडी चिरीमिरी मिळाली की त्या स्त्रिया कारण ‘क्षय’ असे लिहीत. घराण्याची अब्रू वाचे.

यादी आहे तिथे चुकीच्या रकान्याची सोय आहे. हे १६६२ इतके जुने आहे.

९/
एकोणिसाव्या शतकात विल्यम फार यांनी इंग्लंडमध्ये मृत्यूच्या कारणांचे शिस्तबद्ध वर्गीकरण उभे केले. फ्रान्सचे झाक बर्तीयों यांनी १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्रीय संस्थेच्या बैठकीत आपली यादी मांडली आणि ती स्वीकारली गेली. हीच आजच्या आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणाची जननी. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूंसोबत जिवंत माणसांचे आजारही तिच्यात सामावले गेले.

‘जी ४३.७०९’ ही बिलातील पहिली ओळ याच वंशातली, दहाव्या आवृत्तीच्या अमेरिकी रूपातली. ती अमेरिकेतील बिलांत १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्तीची झाली. प्रेते मोजण्यासाठी जन्मलेली यादी आता जिवंत माणसाचे पैसे ठरवते.

१०/
दुसरी ओळ, ६४६१५, वेगळ्या घराण्यातली. जुलै १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ‘मेडिकेअर’चा कायदा केला आणि वृद्धांच्या उपचारांचे पैसे केंद्र सरकार देऊ लागले. पैसे द्यायचे म्हणजे कशाचे, हे नेमके सांगता यायला हवे. १९६६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांच्या कृतींची संकेतांकांसह सूची काढली. आरंभी तिच्यात मुख्यतः शस्त्रक्रिया होत्या. १९८३ मध्ये मेडिकेअरने ती स्वीकारली. औषधांसाठी ‘जे’ने सुरू होणारे संकेतांक जोडले गेले.

असे हे तीन प्रश्न झाले. का केले? रोगाचा संकेतांक. काय केले? कृतीचा संकेतांक. कशाने आणि किती? औषधाचा संकेतांक. तिन्ही उत्तरे एकमेकांशी जुळली, तर पैसे. एक जरी विजोड निघाले, तर नकार.

११/
मेडिकेअरच्या कायद्यात एक वगळणूकही होती. केवळ रूप सुधारण्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळणार नाहीत. अपघाताने झालेली इजा किंवा सदोष अवयवाचे कार्य सुधारणे, एवढेच अपवाद. शिवाय उपचार ‘योग्य आणि आवश्यक’ असला पाहिजे.

१९६५ मध्ये हे वाक्य सरळ वाटले असेल. नाक सरळ करणे वेगळे आणि मोडलेले नाक बसवणे वेगळे. पण पुढे एक द्रव्य असे येणार होते, जे दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहील.

१२/
इथे दोन्ही इतिहास एकमेकांना भेटतात.

व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरथर्स पापण्यांच्या विकारावर हे विष वापरत होत्या. टोचलेल्या जागेच्या आठ्या नाहीशा होतात, हे १९८७ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले. पती अॅलस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी १९९२ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. एप्रिल २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. औषधाचे आतले द्रव्य तेच राहिले, पण खोक्यावर ‘बोटॉक्स कॉस्मेटिक’ हे वेगळे नाव आले.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसचे प्लास्टिक सर्जन विल्यम बाइंडर यांना उलटे दिसले. आठ्यांसाठी इंजेक्शन घेणारे काही रुग्ण सांगत होते की डोकेदुखीही कमी झाली.

आजाराकडून सौंदर्याकडे आणि सौंदर्याकडून पुन्हा आजाराकडे. विषाने रेषा दोनदा ओलांडली. यादीला मात्र रेषा ओलांडता येत नाही, ती नव्याने आखावी लागते.

१३/
आखली जाईपर्यंत काय झाले? २००० च्या डिसेंबरात मानेच्या स्नायूंना पीळ पडण्याच्या विकारासाठी औषधाला मान्यता मिळाली होती. डोकेदुखीसाठी नव्हती. डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर मान्यतेबाहेर औषध वापरू शकतो, ते बेकायदा नाही. पण कंपनीने त्या वापराचा प्रचार करणे कायद्यात बसत नाही.

१ सप्टेंबर २०१० रोजी अमेरिकी न्याय विभागाने जाहीर केले की बोटॉक्सची उत्पादक अॅलर्गन ही कंपनी गुन्हा कबूल करून एकूण ६० कोटी डॉलर देणार आहे : ३७.५ कोटी फौजदारी आणि २२.५ कोटी दिवाणी बाजूचे.

१४/
सरकारचे म्हणणे इतिहासाच्या विद्यार्थ्याने बारकाईने वाचावे असे आहे. मानेच्या विकाराच्या मान्यतेचा आधार घेऊन डोकेदुखी आणि इतर वेदनांसाठीची विक्री वाढवली गेली. मान्यतेबाहेरच्या वापराचे बिल कसे करावे, हे डॉक्टरांना आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांना कार्यशाळांतून शिकवले गेले. डॉक्टरांची बिले तपासून या इंजेक्शनांतून किती कमाई होऊ शकते हे दाखवले गेले. बिलांच्या शंकांसाठी खास दूरध्वनी सेवाही होती. फौजदारी भागात कंपनीने कबुली दिली. दिवाणी आरोप तडजोडीने मिटले, ते न्यायालयात सिद्ध झाले नाहीत.

खटल्याच्या केंद्रस्थानी सुईइतकीच बिलाची ओळ होती. ग्राँटच्या लंडनमध्ये गरमीचा क्षय होत असे. इथे डोके मानेच्या रकान्यात जाऊन बसले, असा सरकारचा आरोप होता. साडेतीनशे वर्षांत चिरीमिरीचा आकडा तेवढा वाढला.

१५/
पण गोष्ट इथे संपली असती, तर ती सोपी नीतिकथा झाली असती. अवघ्या सहा आठवड्यांनी, १५ ऑक्टोबर २०१० रोजी, त्याच प्रशासनाने त्याच औषधाला जीर्ण अर्धशिशीसाठी मान्यता दिली.

दोन मोठ्या चाचण्यांचा आधार होता. औषध घेतलेल्यांचे महिन्यातील डोकेदुखीचे दिवस सरासरी ८.४ ने घटले, नुसते पाणी टोचलेल्यांचे ६.६ ने. फरक दोनेक दिवसांचा. निरोगी माणसाला तो किरकोळ वाटेल. ज्याचे महिन्याचे वीस दिवस अंधाऱ्या खोलीत जातात, त्याला विचारावे.

म्हणजे २००५ मधील एखाद्या रुग्णाला या इंजेक्शनने खरोखर बरे वाटत असेल, तरी तिच्या वेदनेला यादीत जागा नव्हती. तिने स्वतः पैसे द्यावेत किंवा तिच्या डॉक्टरने खोटा रकाना भरावा. लबाडी आणि आराम एकाच सुईत होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, आणि इतिहास लिहिताना एकीसाठी दुसरी झाकू नये.

१६/
मान्यतेने नवी रेषा आखली : महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी, आणि ती दिवसाला ४ तास किंवा अधिक. महिन्याला १४ दिवस दुखणारा माणूस रेषेबाहेर. म्हणून रुग्णांना डोकेदुखीची रोजनिशी ठेवावी लागते. वेदना होणे पुरेसे नाही, तिची तारीखवार नोंद हवी.

स्वतंत्र कृती-संकेतांक, म्हणजेच आपला ६४६१५, १ जानेवारी २०१३ पासून आला. मधली दोन वर्षे चेहऱ्याच्या आणि मानेच्या जुन्या संकेतांकांवर काम भागवले गेले.

१७/
आता ते बिल पुन्हा वाचू.

जी ४३.७०९ : जीर्ण अर्धशिशी. ६४६१५ : तिच्यासाठी डोके, चेहरा आणि मान यांतील स्नायूंकडे जाणारा संदेश रसायनाने थांबवणे. टोचण्याच्या ठरलेल्या जागा ३१, पण संकेतांक एकदाच. जे ०५८५, १५५ : टोचलेली युनिटे. शेवटची ओळ, जेडब्ल्यू ४५ : टाकून दिलेली युनिटे.

कुपी २०० युनिटांची, गरज १५५ ची, उरलेली ४५ पुढच्या रुग्णासाठी ठेवता येत नाहीत. २०१७ पासून मेडिकेअरने हा अपव्यय वेगळ्या ओळीत दाखवणे सक्तीचे केले. जुलै २०२३ पासून काहीच वाया गेले नसेल, तर तेही ‘जेझेड’ असे लिहून सांगावे लागते.

दर बारा आठवड्यांनी हे बिल पुन्हा तयार होते, कारण विषाचा परिणाम तितकाच टिकतो.

१८/
रेषा किती निसरडी आहे, याचा आणखी एक दाखला. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या आरोग्य-सुधारणा विधेयकात ऐच्छिक सौंदर्य-उपचारांवर ५ टक्के कर सुचवला गेला. लोकांनी त्याला गमतीने ‘बो-टॅक्स’ म्हटले. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. त्यांचा एक आक्षेप असा होता की सौंदर्य कुठे संपते आणि उपचार कुठे सुरू होतो, हे करवसुलीपुरते ठरवणेही अवघड आहे. अखेर तो कर गळला आणि त्याच्या जागी कृत्रिम प्रकाशात त्वचा सावळी करून देणाऱ्या सेवेवर १० टक्के कर आला.

१९/
हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर आपली आरोग्यविम्याची पॉलिसी उघडावी. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित वगळणुकींना क्रमांक दिले. त्यांतील आठवी म्हणजे सौंदर्य किंवा प्लास्टिक सर्जरी. अपवाद : अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय निकड, आणि ती निकड डॉक्टरने प्रमाणित केलेली हवी. १९६५ च्या अमेरिकी वाक्याशी त्याचे नाते लगेच ओळखू येते.

आणि आकड्याची ताकद मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. सातबारा म्हणजे तरी काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. कागदाचा क्रमांकच मालकीचे नाव होऊन बसला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन उताऱ्यावर नसेल, तर काय होते, हे ज्या घरांनी भोगले आहे, त्यांना यादीबाहेरची वेदना म्हणजे काय ते कळेल.

२०/
इतिहासाच्या वर्गात आपण शिलालेख, बखरी, फर्माने वाचायला शिकतो. माझे म्हणणे एवढेच की संकेतांकांच्या सूचीही तशाच वाचाव्यात. त्यांत कोणत्या वर्षी कोणती ओळ आली आणि ती येण्याआधी ते दुखणे कुठे लपून होते, हे विचारावे. ओळ नसते तेव्हा दुखणे नसते असे नाही. तेव्हा ते दुसऱ्याच्या नावाने नांदते, किंवा स्वतःच्या खिशातून पैसे भरते, किंवा गप्प बसते.

रेषा नको, असेही मी म्हणणार नाही. सार्वजनिक पैसा आहे, तो कशावर खर्चायचा हे कुठेतरी ठरवावेच लागेल. पण १४ आणि १५ यांच्यामधली ती रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती माणसांनी आखली आहे, पुराव्याच्या आधारे, घासाघीस करून, कधी दंड भरून. म्हणून ती पुन्हा तपासताही येते.

२१/
मी हे सगळे मैत्रिणीला सांगितले. ती रात्रपाळीला निघाली होती. चपला घालता घालता म्हणाली, “आम्हाला एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात : टिपणात लिहिलेले नाही, ते घडलेलेच नाही.”

हा नियम आम्हालाही शिकवला होता, अभिलेखागाराच्या पहिल्या तासाला. फक्त आमचे शिक्षक त्यापुढे एक वाक्य जोडत : जे लिहिलेले नाही, त्याचाच शोध घ्या.

धागा समाप्त. एखादा दुवा निसटला असेल किंवा चूक आढळली, तर खाली अवश्य लिहा.